बटण खिशात आहे, पण धावून येणार कोण?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोमीनपुऱ्याचा बाजार मध्यरात्र उलटून गेली तरी चालू असतो. गल्ल्यात दिवसभराची रोकड असते, समोर ओळखीच्यांपेक्षा अनोळखी चेहरे जास्त असतात आणि मालक नमाजला किंवा माल आणायला गेला की दुकानात एखादा अठरा वर्षांचा पोरगा किंवा साठी उलटलेले अब्बाजी एकटेच बसलेले असतात. गांधीबागच्या कापड दुकानांतून हिशेब मिटवण्याच्या वेळी हेच दिसते. इतवारीच्या सराफ्यात माडीवर बसून काम करणाऱ्या कारागिराजवळ तर स्वतःचे नव्हे, दुसऱ्याचे सोने असते. अशा वेळी दोघेतिघे आत शिरले, एकाने शटर अर्धे ओढून घेतले आणि दुसऱ्याने दम भरला, तर काय कराल? हा प्रश्न आम्ही ओळखीच्या बऱ्याच दुकानदार बंधूंना विचारला. बहुतेकांनी क्षणभर विचार करून सांगितले, "ओरडू!"

बंधूंनो, गळ्याशी हत्यार असताना माणूस ओरडत नाही. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि फुटला तर तोच शब्द जिवावर बेततो. सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्याच शहरात, जरीपटका भागात, सोन्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत हत्यारबंद टोळी शिरली आणि कोट्यवधी रुपयांचे सोने घेऊन गेली. तिजोरी आणि नोकरवर्ग असलेल्या ठिकाणी हे होऊ शकते, तर आपल्या दहा बाय बाराच्या दुकानाची काय कथा?

यावर बाजारात एक साधे साधन मिळते. दुकानातील धोक्याच्या घंटेला जोडलेले, हातात किंवा खिशात ठेवायचे बिनतारी बटण. याला सगळे जण पॅनिक बटण म्हणतात. किंमत फार नाही. ज्याच्याकडे घंटेचे पॅनेल आधीच आहे त्याला बटण काही शे रुपयांत मिळते. पॅनेल, भोंगा व बटण असा पूर्ण संच घ्यायचा तर काही हजार रुपये लागतात. आमची तक्रार अशी की आमचे व्यापारी बंधू कॅमेऱ्यांवर याच्या कितीतरी पट खर्च करतात आणि बटणाकडे मात्र खेळण्यासारखे पाहतात. कॅमेरा घडलेले दाखवतो. पोलिसांना नंतर त्याचा उपयोग होतो, हे खरे आहे. पण ज्या दोन मिनिटांत तुमचा मुलगा किंवा कारागीर संकटात असतो, त्या दोन मिनिटांत कॅमेरा कोणाला हाक मारत नाही.

तरीही नुसते बटण विकत घेऊन भागत नाही. आमच्या पाहण्यात जी बटणे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक वेळेवर निरुपयोगी ठरली असती. कारण बटण वाईट होते असे नाही. ते बसवताना कोणी विचारच केला नव्हता.

दिवसा मुकी राहणारी घंटा

गांधीबागेतील आमच्या एका स्नेह्याच्या दुकानातली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी घंटा बसवली होती. आम्ही भर दुपारी त्यांना म्हटले, "चाचा, बटण दाबून दाखवा." चाचांनी दाबले. बटणाचा लाल दिवा लागला, पण भोंगा गप्प. चाचा म्हणाले, "रात्री वाजते, मी ऐकले आहे." पुस्तिका उघडून बसलो तेव्हा खरे कारण कळले. वायरमनने हे बटण दरवाजाच्या चकतीप्रमाणेच साध्या झोनमध्ये नोंदवले होते. साधा झोन घंटा चालू केल्यावरच, म्हणजे रात्री दुकान बंद करून निघताना, जागा होतो. दिवसा घंटा बंद असते, म्हणून दिवसा बटणही मुके. बटण लागते ते दुकान उघडे असताना, आणि चाचांचे बटण नेमके त्याच वेळी झोपलेले होते. दोन वर्षे चाचा निश्चिंत होते.

म्हणून पहिली गोष्ट. बटण चोवीस तासांच्या झोनमध्ये नोंदवलेले असले पाहिजे. जवळजवळ प्रत्येक पॅनेलमध्ये ही सोय असते आणि पुस्तिकेत तसे लिहिलेले असते. घंटा चालू असो वा बंद, या झोनमधून इशारा आला की पॅनेलने काम केलेच पाहिजे. वायरमन बंधूला सामान आवरायच्या आधी थांबवा, घंटा बंद करायला लावा आणि त्याच्यासमोर बटण दाबा. वाजले तरच पैसे द्या.

बटण पॅनेलला ओळखीचे करण्याची रीत अवघड नाही. पॅनेलवरील शिकवण्याचे बटण दाबले की दिवा लागतो. मग हातातले बटण दाबायचे. पॅनेल 'टीं' करून ते लक्षात ठेवते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि दुकानदाराने ते स्वतः शिकून घ्यावे असे आमचे आग्रहाचे मत आहे. उद्या बटण हरवले तर जुने पुसून नवे नोंदवायला आठ दिवस कोणाची वाट पाहत बसायचे?

बटणातून निघणारी लहर बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची असते. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ही पट्टी आपल्या देशात विनापरवाना खुली आहे. काही नव्या संचांत ८६५ ते ८६८ ची पट्टी वापरतात. लहरीबरोबर एक सांकेतिक आकडा जातो आणि त्यावरून पॅनेल आपले बटण ओळखते. अगदी जुन्या पद्धतीच्या बटणांत आठ ठिकाणी जोडणी करून आकडा ठरवावा लागे आणि त्याचे ६५६१ प्रकार होत. बसवणारा आळशी असला तर जोडणी कारखान्यातून आली तशीच ठेवी, आणि मग शेजारच्या दुकानाच्या बटणाने आपली घंटा वाजे. त्यानंतरच्या बटणांत कारखान्यातच आकडा ठरतो आणि त्याचे दहा लाखांवर प्रकार असतात. सर्वांत चांगली ती, ज्यांचा आकडा दर दाबण्याला बदलतो. अशा बटणाची लहर पकडून नक्कल करता येत नाही. घेताना दुकानदाराला एवढे विचारा की आकडा बदलता आहे की कायमचा.

आणखी एक इशारा. बाजारात जास्त खपतो तो चार बटणांचा रिमोट: एक घंटा चालू करायला, एक बंद करायला, एक घरी असताना लावायला आणि एक संकटाचे. हा रिमोट नोकराच्या खिशात देणे म्हणजे दुकानाची किल्ली देणे. लुटारूने तो हिसकावला तर पहिल्यांदा घंटा बंद करील. म्हणून मालकाने रिमोट आपल्याकडे ठेवावा आणि दुकानातील माणसांना फक्त संकटाचे, एकाच कळीचे बटण द्यावे. ते चुकून दाबले जाऊ नये म्हणून कळ जरा खोलगट असावी किंवा दोनएक सेकंद दाबून धरावी लागावी. याहून जास्त वेळ लागणारे घेऊ नका. थरथरत्या बोटाला पाच सेकंद फार होतात.

शटर, तिजोरी आणि मे महिना

डब्यावर शंभर मीटर लिहिलेले असते. ते मोकळ्या मैदानाचे माप आहे. आपल्या दुकानांना लोखंडी शटर असते, माळ्याला पत्रा असतो, जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड असतात, मागे लोखंडी कपाट असते. लोखंड आणि जाड भिंत लहरीला अडवते. यंत्रमागाच्या किंवा वेल्डिंगच्या कारखान्यात मोटारी व ठिणग्यांचा त्रास वेगळाच. म्हणून पॅनेल लोखंडी कपाटात किंवा तिजोरीमागे लपवू नये. ते उंचावर, आतल्या बाजूला, चटकन हाती लागणार नाही पण लहर पोहोचेल अशा ठिकाणी लावावे आणि त्याची ॲन्टेना गुंडाळून कोंबू नये.

मग तपासणी करावी. काउंटरवरून, मागच्या खोलीतून, माळ्यावरून, संडासातून, आणि शटर खाली ओढून व यंत्रे चालू ठेवून बटण दाबून पाहावे. बटण मुठीत, खिशात आणि कुर्त्याच्या आत असतानाही दाबावे, कारण प्रसंगी ते कोणी हात उंच करून दाबणार नाही. जिथून इशारा पोहोचत नाही ती जागा सगळ्यांना सांगून ठेवावी, नाहीतर पॅनेलची जागा बदलावी.

बटणातील सेल लहान असतो. काहींत १२ व्होल्टचा नळकांडीसारखा, काहींत ३ व्होल्टचा चपटा. दाराच्या चकत्या अनेक पॅनेलना आपली खबर अधूनमधून देत असतात, पण खिशातले साधे बटण दाबेपर्यंत गप्प असते. त्याचा सेल संपला हे पॅनेलला कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही. यावर उपाय एकच, आठवड्यातून एकदा दाबून पाहणे. आपल्यातील बरीच दुकाने जुम्याच्या नमाजनंतर पुन्हा उघडतात. तीच वेळ ठरवून घ्यावी. शेजाऱ्यांना सांगून एकदा वाजवावे. वर्षातून एकदा सेल चांगला असला तरी बदलावा.

पॅनेलच्या आतही एक बॅटरी असते, बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची, स्कूटरच्या बॅटरीसारखी पण बंद. वीज गेल्यावर तीच आधार असते. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली तर विचारूच नका. अशा उष्णतेत या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा वीज सारखी जाते, तेव्हा ही बॅटरी मेलेली असते. दरसाल जूनच्या सुरुवातीला मेनचे बटण बंद करून तासभर पॅनेल चालते का पाहावे.

सिमकार्ड घालून फोन लावणारे पॅनेल असेल तर दोन गोष्टी आणखी. एक, यांतील स्वस्त पॅनेल टूजी जाळ्यावरच चालतात. जिओचे टूजी जाळेच नाही, त्यामुळे त्या पॅनेलमध्ये जिओचे सिम चालत नाही. दुसरी, सिमचे रिचार्ज संपले की पॅनेल मुके होते आणि तक्रार करायला त्याला तोंड नसते. रिचार्जची तारीख भाड्याच्या तारखेसारखी वहीत लिहून ठेवावी.

हाक कोणाला?

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण वरचे सगळे पैसे देऊन करून घेता येते. हे पुढचे मात्र पैशाने मिळत नाही.

घंटा या वस्तूचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने १८५३ साली घेतले. पुढे एडविन होम्स याने ते हक्क विकत घेऊन धंदा उभा केला. त्या धंद्याला खरा जोर आला तो घराघरांच्या तारा एका मध्यवर्ती कचेरीत आणल्यावर, कारण तिथे ऐकायला माणूस बसलेला होता. पावणेदोनशे वर्षे होत आली. तारा गेल्या, लहरी आल्या, पण ऐकणाऱ्या माणसाची गरज तशीच आहे.

आपल्या गल्लीत काय होते? भोंगा वाजतो. शेजारी मान वर करून पाहतो, "पुन्हा वाजली वाटते," म्हणतो आणि गिऱ्हाईकाला कापड दाखवू लागतो. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आपण त्याला कधी सांगितलेलेच नसते की हा भोंगा वाजला तर तू काय करायचे. शिवाय चुकून चार वेळा वाजली की पाचव्या वेळी कोणी उठत नाही, लांडगा आला रे आला या गोष्टीसारखे.

आमची सूचना अशी. एका ओळीतील दहाबारा दुकानदारांनी एकदा बसावे. चहाच्या एका फेरीत हे काम होते. त्यात पाच गोष्टी ठराव्यात. पॅनेलमध्ये पहिले तीन नंबर कोणाचे? ते पाच मिनिटांत पोहोचू शकणाऱ्यांचेच असावेत. मुंबईच्या मेव्हण्याचा नंबर काय कामाचा? दुसरे, इशारा आला की कोणी पोलिसांना फोन करायचा, म्हणजे प्रत्येकाला 'दुसऱ्याने केला असेल' असे वाटणार नाही. तिसरे, कोणीही एकट्याने आत धावून जायचे नाही. चौघांनी मिळून बाहेर उभे राहायचे, आवाज करायचा, माणसांचे वर्णन व गाडीचा नंबर टिपायचा आणि पळणाऱ्याची वाट अडवायची नाही. चौथे, चुकून वाजली तर मालकाने लगेच सर्वांना तसे कळवायचे. पाचवे, आठवड्याच्या तपासणीची वेळ सर्वांना माहीत असायची.

पोलिसांचा नंबर पूर्वी १०० होता. महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ ची व्यवस्था सुरू झाली. हे फोन नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात आणि तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षामार्फत जवळची गाडी पाठवली जाते. म्हणजे फोन उचलणाऱ्याला आपली गल्ली माहीत असेलच असे नाही. "मोमीनपुऱ्यात या, मशिदीजवळ" एवढे सांगून कसे भागेल? मोमीनपुऱ्यात मशिदी किती! शहराचे नाव, पोलीस ठाण्याची हद्द, रस्ता, जवळची मोठी खूण आणि दुकानाचे नाव, असे पाच शब्दांचे वाक्य कागदावर लिहून शेजाऱ्याच्या गल्ल्याजवळही चिकटवा. पॅनेलमध्ये थेट ११२ घालू नये असे आमचे मत आहे. यंत्र नुसती टेप ऐकवते, प्रश्नांना उत्तर देत नाही, आणि चुकीच्या इशाऱ्यांनी ती लाईन अडवली तर खरोखर अडलेल्याचा फोन लांबतो. माणसाने खात्री करून फोन करावा.

ज्याच्याकडे पॅनेल नाही त्यालाही थोडीशी सोय आहे. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये संकटाचे बटण असावे असा केंद्र सरकारचा नियम झाला. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदची कळ तीनदा दाबायची, अशी त्यातील योजना. आपल्या फोनवर ते कसे चालते हे आजच घरात बसून पाहून घ्यावे.

भोंगा की गुपचूप?

बऱ्याच पॅनेलमध्ये दोन्ही सोयी असतात. भोंग्याने चोर पळतो, पण घाबरलेला चोर वारही करतो. गुपचूप इशाऱ्यात दुकानात काही वाजत नाही, फक्त शेजाऱ्यांचे फोन वाजतात. आमचे मत असे की जिथे सोने किंवा मोठी रोकड आहे, माणूस कोंडला जाऊ शकतो, तिथे दिवसा बटण गुपचूप असावे. जिथे दुकान उघड्या रस्त्यावर आहे आणि चार पावलांवर माणसे आहेत, तिथे भोंगा ठीक. कारखान्यात तर भोंगाच हवा. यंत्रमागात हात सापडला, वेल्डिंगच्या ठिकाणी आग लागली, म्हातारे उस्ताद छातीत कळ येऊन पडले, अशा वेळी बटण तेवढेच उपयोगी पडते. घरी बसून शिलाई किंवा जरीचे काम करणाऱ्या आपल्या बहिणींनाही ते गळ्यात अडकवता येते. दुकानात बटण येते पण घरात येत नाही, हे बरोबर नाही.

आणि माणसांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. बटण संधी मिळाली तरच दाबायचे. लुटारूची नजर हातावर असेल तर दाबू नका. गल्ला देऊन टाका. तो गेल्यावर दाबा. आम्ही एका पोराला विचारले की मालकाने काय सांगितले आहे. तो म्हणाला, "सेठ म्हणाले, काही झाले तरी बटण दाबायचेच." त्याच्या आईने त्याला गल्ला राखायला पाठवलेले नाही. तो आपल्याकडे अमानत आहे. गेलेली रोकड दोन सीझनमध्ये भरून निघते.

काही बंधू म्हणतील, आजवर काही झाले नाही, पुढेही अल्लाह मालिक आहे. बरोबर आहे. पण उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने द्यायला नको. दुकानाला कुलूप आपण रोज लावतोच ना?

तेव्हा व्यापारी व कारागीर बंधूंना आमची विनंती इतकीच. हा अंक खाली ठेवल्यावर, बटण असेल तर ते दिवसाउजेडी एकदा दाबून पाहा. नसेल तर शेजारच्या दुकानदाराला जाऊन विचारा, "भाई, माझ्याकडून हाक आली तर तुम्ही याल का?" आणि तो 'हो' म्हणाला की त्याच्या हाकेला आपणही जाऊ, हे त्याला तिथेच सांगून या. बटण त्यानंतर घेतले तरी चालेल.